शिक्षणाने कडवी मते पालटतात का?

विद्यालयाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा जुन्या आठवणींचा एखादा लेख लिहावा, असे प्रथम मनात आले. ज्या वास्तूत एकतीस वर्षे इतिहास शिकवला, तिच्याविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. पत्र्याच्या दोन खोल्यांतील पहिले वर्ग, पावसाळ्यात गळणारे शयनगृह, पहाटेची वंदना, संध्याकाळची अभ्यासिका. परंतु हे सारे इतर गुरुजन आणि माजी विद्यार्थी माझ्यापेक्षा अधिक रसाळपणे लिहितील, याची मला खात्री आहे. म्हणून या निमित्ताने मी एका प्रश्नाचा विचार मांडणार आहे. गेली काही वर्षे आपले माजी विद्यार्थी भेटतात किंवा दूरध्वनी करतात, तेव्हा शब्द बदलून तोच एक प्रश्न विचारतात. ते आज अभियंते आहेत, परिचारिका आहेत, तलाठी आहेत, शिक्षक आहेत. त्यांचे सहकारी त्यांच्याइतकेच, क्वचित त्यांच्याहून अधिक शिकलेले आहेत. आणि तरीही आरक्षणाचा विषय निघाला, एखाद्या जातीचा वा धर्माचा उल्लेख झाला, की त्या सुशिक्षित मुखांतून जे बाहेर पडते, ते ऐकून आपली मुले सुन्न होतात. शिक्षणाने माणूस बदलतो असे तुम्ही आम्हाला सांगत होता, मग ही माणसे का बदलली नाहीत, असे ती विचारतात.

हा प्रश्न मला टाळता येत नाही. कारण शिक्षणावरील विश्वास हाच आपल्या संस्थेचा पाया आहे.

प्रथम ‘कडवे मत’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट करून घेतला पाहिजे. ठाम मत म्हणजे कडवे मत नव्हे. आपणही अनेक बाबतींत ठाम आहोत आणि असलेच पाहिजे. समतेच्या प्रश्नावर तडजोड करता येत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे कडव्या मताची दोन लक्षणे आहेत. एक, ते माणसांच्या एखाद्या संपूर्ण समूहाचे माणूसपण कमी लेखते किंवा नाकारते. दुसरे, ते तपासणीला तयार नसते. त्याच्या विरोधात जाणारा पुरावा समोर आला, तर ते पुराव्यालाच शत्रूचे कारस्थान ठरवते. ही दोन लक्षणे एकत्र आली, की त्या मताचा धनी अक्षरशत्रू आहे की विद्यावाचस्पती, याने विशेष फरक पडत नाही.

इतिहासात याचे दाखले विदारक आहेत. २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनजवळील वान्झे येथे एका प्रशस्त बंगल्यात पंधरा जर्मन अधिकारी एकत्र जमले आणि युरोपातील ज्यू लोकांच्या संहाराच्या कार्यवाहीचा समन्वय कसा साधावा, याची चर्चा त्यांनी केली. त्या पंधरांपैकी आठ जण डॉक्टरेट मिळवलेले होते. ज्या देशाने जगाला थोर तत्त्वज्ञ आणि शास्त्रज्ञ दिले, त्याच देशाच्या विद्यापीठांतून ते बाहेर पडले होते. त्यांच्या शिक्षणाने त्यांना टिपणे नीट लिहायला, आकडे काटेकोर मांडायला आणि भीषण गोष्टीला सौम्य सरकारी शब्द शोधायला शिकवले होते.

आपल्या परंपरेतही हे भान आहे. अंगुलिमालाची कथा आपल्या विद्यालयातील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. परंतु तिचा एक भाग आपण सहसा भराभर सांगून पुढे जातो. मज्झिम निकायातील सुत्तात अंगुलिमाल दरोडेखोर म्हणूनच समोर येतो. अट्ठकथेची परंपरा मात्र त्याच्या पूर्वायुष्याविषयी सांगते, की हा तरुण तक्षशिलेत शिकणारा, गुरूचा आवडता आणि सर्वांत हुशार विद्यार्थी होता. त्याचे नाव अहिंसक होते. सहाध्यायांनी मत्सराने गुरूचे कान भरले आणि गुरूने गुरुदक्षिणा म्हणून हजार माणसांची बोटे मागितली. म्हणजे ज्या हाताने माणसे मारली, तो हात विद्यापीठात घडला होता, आणि मारण्याची आज्ञा देणारा आचार्यच होता. शिष्याने गुरूवर शंका घेतली नाही, हा त्याचा अपराध. शंका घ्यायला जे शिक्षण शिकवत नाही, ते कितीही उच्च असो, माणसाला अंगुलिमाल करू शकते.

आणि या बाबतीत आपण बौद्धांनी स्वतःला वेगळे काढू नये. २५ सप्टेंबर १९५९ रोजी श्रीलंकेचे पंतप्रधान बंदरनायके यांच्यावर गोळ्या झाडणारा मारेकरी चीवरधारी भिक्खू होता. म्यानमारमध्ये अशीन विराथु या भिक्खूने मुस्लिमांविरुद्ध वर्षानुवर्षे विखारी प्रवचने दिली, आणि २०१७ साली तेथील लष्कराच्या कारवाईमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्या स्त्रीपुरुषांना बांगलादेशात पळून जावे लागले. मेत्ता सुत्त मुखोद्गत असलेल्या देशांत हे घडले. धम्माचे पाठांतर आणि धम्माचे आचरण यांत केवढे अंतर पडू शकते, हे आपल्या स्मरणिकेत आपणच लिहिले पाहिजे; दुसऱ्याने लिहावे याची वाट पाहू नये.

मग शिक्षण निरुपयोगी आहे काय? तसे मानायला मी तयार नाही. प्रश्न असा आहे, की कोणते शिक्षण, कशाच्या सोबतीने आणि कोणत्या परिस्थितीत माणसाला बदलते. या दृष्टीने मला अलीकडच्या काळातील एक उदाहरण फार उद्बोधक वाटते. ते दूर अमेरिकेतील आहे, पण त्यातील मर्म आपल्या ओळखीचे आहे.

डेरेक ब्लॅक यांचा जन्म १९८९ सालचा. वडील डॉन ब्लॅक हे कू क्लक्स क्लॅन या कुप्रसिद्ध वर्णद्वेषी संघटनेचे एके काळचे प्रमुख पुढारी, आणि ‘स्टॉर्मफ्रंट’ या गोऱ्या वर्णवर्चस्ववाद्यांच्या मोठ्या संकेतस्थळाचे संस्थापक. डेरेक यांनी वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास त्या संकेतस्थळावर मुलांसाठी स्वतंत्र पान तयार केले होते. पुढे नभोवाणीवर कार्यक्रम केला, भाषणे दिली. त्या चळवळीचा वारस म्हणूनच सारे त्यांच्याकडे पाहत होते. म्हणजे बुद्धी होती, वाचन होते, वक्तृत्व होते; आणि हे सारे द्वेषाच्या सेवेत रुजू होते. २०१० साली डेरेक यांनी फ्लोरिडातील न्यू कॉलेज या लहानशा महाविद्यालयात प्रवेश घेतला. दुसऱ्या वर्षी त्यांची ओळख उघड झाली आणि महाविद्यालयात खळबळ माजली. बहुसंख्य विद्यार्थ्यांनी बहिष्कार घातला. मॅथ्यू स्टीव्हन्सन या ज्यू विद्यार्थ्याने मात्र वेगळा मार्ग धरला. तो दर शुक्रवारी संध्याकाळी आपल्या खोलीवर मित्रांना शब्बाथच्या भोजनाला बोलावीत असे. त्याने डेरेक यांनाही बोलावले. ज्यांचा वंश नष्ट व्हावा असे ज्या घरात शिकवले जात होते, त्या घरातील व्यक्ती ज्यूंच्या पंगतीला जाऊन बसली.

मॅथ्यूने त्या भोजनाच्या वेळी वंशाचा वाद काढला नाही. शुक्रवारमागून शुक्रवार जात राहिले. वाद झाला तो पुढे, आणि एका वेगळ्या मैत्रिणीशी. तिने आकडेवारी व संशोधनाचे निबंध पुढे ठेवून एकेक दावा तपासायला लावला. शिवाय डेरेक यांचा अभ्यासविषय मध्ययुगीन इतिहास हा होता. युरोप मागासलेला असताना इस्लामी जग विद्येत किती पुढे होते, आणि ‘गोरा वंश’ अशी कल्पनाच त्या काळातील लोकांच्या डोक्यात नव्हती, हे त्या अभ्यासातून त्यांच्या ध्यानात आले. जुलै २०१३ मध्ये डेरेक यांनी जाहीर पत्र लिहून आपल्या जुन्या मतांचा त्याग केला. वडिलांशी आणि ज्या समाजात वाढ झाली त्या समाजाशी तुटण्याची किंमत मोजून त्यांनी हे केले.

ही कथा सांगताना बरेच लोक भोजनाचा भाग तेवढा सांगतात. प्रेमाने जेवू घाला, शत्रू मित्र होईल, असा तिचा सुलभ बोध काढला जातो. पण खुद्द डेरेक यांनी नंतर वारंवार सांगितले आहे, की ज्या विद्यार्थ्यांनी जाहीर निषेध केला, त्यांचाही या परिवर्तनात वाटा होता. आपल्या बोलण्याने खरोखर माणसे दुखावली जातात, घाबरतात, हे त्या निषेधामुळेच प्रथम जाणवले. म्हणजे तेथे तीन गोष्टी एकत्र आल्या. निषेधाने स्वस्थता मोडली, पंगतीने भीती मोडली, आणि अभ्यासाने युक्तिवाद मोडला. यांतील एकटी कोणतीही गोष्ट पुरली असती, असे मला वाटत नाही.

आश्चर्याची गोष्ट अशी, की या तिन्ही गोष्टींचा विचार बाबासाहेबांनी जवळजवळ ऐंशी वर्षे आधी करून ठेवला होता. १४ नोव्हेंबर १९३२ रोजी, तिसऱ्या गोलमेज परिषदेसाठी विलायतेला जात असताना, बोटीवरून त्यांनी ठक्करबाप्पांना एक दीर्घ पत्र लिहिले. अस्पृश्यता निवारणासाठी नव्यानेच स्थापन झालेल्या संघाने कोणत्या पद्धतीने काम करावे, याविषयी त्यात सूचना आहेत. विद्यार्थ्यांनी ते पत्र मुळातून वाचावे, म्हणून मी येथे केवळ त्याचा आशय माझ्या शब्दांत देतो. सर्वसाधारण माणूस रूढीच्या रुळलेल्या वाटेने चालत असतो. कोणी उपदेश केला म्हणून तो ती वाट सोडीत नाही. त्याच्या नेहमीच्या व्यवहाराला अडथळा निर्माण झाला, पेच उभा राहिला, तरच तो थांबतो आणि विचार करू लागतो. म्हणून विहिरी, शाळा, रस्ते यांवरील हक्क प्रत्यक्ष बजावण्याची मोहीम संघाने गावोगाव हाती घ्यावी. दुसरी सूचना समान संधीची. तिसरी सूचना मात्र सामाजिक संसर्गाची आहे: सवर्णांनी अस्पृश्यांना आपल्या घरांत पाहुणे म्हणून किंवा नोकर म्हणून प्रवेश द्यावा, कारण एकत्र वावरल्याशिवाय मनातील किळस जाणार नाही. आणि पत्राच्या अखेरीस ते म्हणतात, की या दोन समाजांना कायदा एकत्र बांधू शकणार नाही, ते काम प्रेमच करील. पण कुटुंबाच्या बाहेर प्रेमाची शक्यता निर्माण होते ती न्यायामुळेच.

या शेवटच्या विचाराजवळ मी अनेक वर्षे थबकलो आहे. हृदयपरिवर्तनाची भाषा बोलणारे प्रेमापासून आरंभ करतात. बाबासाहेब न्यायापासून आरंभ करतात आणि प्रेमाला नाकारीत नाहीत. महाडचा क्रम हेच दाखवतो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, हा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले. तरी २० मार्च १९२७ पर्यंत त्या तळ्याला कोणी अस्पृश्य हात लावू शकला नव्हता. त्या दिवशी पाणी प्याले गेले, आणि सारे महाड ढवळून निघाले. परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. पण त्याच मंथनातून त्या वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृतिदहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांच्यासारखे, जन्माने ब्राह्मण असलेले, सहकारी उभे राहिलेले दिसतात. पेचप्रसंगाने सगळे बदलले नाहीत. पण प्रत्येकाला आपण कोणत्या बाजूला आहोत, हे ठरवणे भाग पडले. तळ्याचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केला तो १७ मार्च १९३७ रोजी, म्हणजे पुढे दहा वर्षांनी.

आता आपल्या विद्यालयातील दोन-तीन अनुभव सांगतो. संबंधितांची नावे देत नाही. जे येथे शिकले, त्यांना ती आठवतील.

आपल्या वसतिगृहाला दुधाचा रतीब घालणारे एक शेतकरी होते. सारे त्यांना आबा म्हणत. मी रुजू झालो, तेव्हा रतीब नुकताच सुरू झाला होता. आबा सायकलला किटल्या अडकवून पहाटे येत, कोठीघराच्या पायरीखाली उभे राहत आणि आमच्या पातेल्याला आपल्या मापाचा स्पर्श होऊ नये, अशा बेताने हातभर उंचीवरून दुधाची धार सोडीत. थोडे दूध दररोज सांडे. चहा देऊ केला तर, “आत्ताच घेऊन आलो, गुरुजी,” असे नम्रपणे सांगत. शब्द गोड होते आणि अर्थ सर्वांना कळत होता. त्या वेळचे आमचे गृहपाल शांत वृत्तीचे, पण हिशेबाला पक्के. त्यांनी एके दिवशी सांगितले, “आबा, सांडलेले दूध रतिबात धरणार नाही. पातेल्यात पडेल तेवढ्याचेच पैसे.” दुसऱ्या आठवड्यात धार हातभरावरून वितीवर आली, महिन्याभरात माप पातेल्याच्या काठाला टेकू लागले.

पुढे आबांची मुलगी दहावीला गणितात अडू लागली. गावात शिकवणी नव्हती. आपल्या अभ्यासिकेत संध्याकाळी गणिताचे शिक्षक मुलांना बसवीत. आबांनी दोन-तीन दिवस घुटमळून, अखेर मुलीला बसू द्याल का, असे विचारले. ती वर्षभर येत राहिली आणि उत्तीर्ण झाली. पेढे घेऊन आबा स्वतः आले, त्या दिवशी त्यांनी कोठीघराची पायरी ओलांडली आणि चहा घेतला. त्यानंतर कितीतरी वर्षांनी बुद्धपौर्णिमेच्या खिरीच्या पंगतीला ते मुलांच्या रांगेत मांडी घालून बसलेले मी पाहिले. रतीब सुरू झाल्यापासून त्या पंगतीपर्यंत अकरा वर्षे गेली होती. आपले मत बदलले, असे आबा एकदाही म्हणाले नाहीत. जातीविषयी आमच्यात कधी चर्चा झाली नाही. आधी व्यवहाराने पेच घातला, मग गरजेने जवळ आणले, मग सवयीने भीती गेली. मत सर्वांत शेवटी बदलले असावे, आणि ते बदलल्याचे कदाचित त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आले नसावे.

दुसरा अनुभव अधिक कठीण आहे. २००६ हे वर्ष धम्मदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवाचे होते. दीक्षाभूमीला जाण्याची तयारी वसतिगृहात चालू होती. त्याच सुमारास, २९ सप्टेंबरला, भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. बातमीचे खरे स्वरूप जसजसे उघड होत गेले, तसतशी मुलांची झोप उडाली. नववीतला एक अत्यंत हुशार मुलगा तर पार बदलून गेला. तो वंदनेला येईनासा झाला. बुद्धाने आपल्याला दुबळे केले, असे तो उघड म्हणू लागला. गावे पेटवली पाहिजेत, त्यांच्यातला एकही चांगला नसतो, असे त्याने वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवले होते. तीन-चार मुले त्याच्याभोवती जमू लागली. कडवे मत नेहमी परक्याच्याच घरी जन्मते असे नाही. ते जखमेतूनही जन्मते, आणि त्या वेळी त्याला उत्तर देणे अधिक अवघड असते, कारण जखम खरी असते.

त्याला रागावू नये आणि त्याच्या रागाला खोटे ठरवू नये, असे आम्ही शिक्षकांनी ठरवले. मी त्याला एक काम दिले. वर्तमानपत्रांतील कात्रणे जमवून घटनाक्रम तारीखवार लिही. कोणी काय केले, कोणी काय करायला हवे होते आणि केले नाही, हे वेगवेगळ्या रकान्यांत मांड. तो महिनाभर ते करीत होता. ‘ते’ या एका शब्दाच्या जागी हळूहळू विशिष्ट माणसे, विशिष्ट पदे आणि विशिष्ट कर्तव्ये येऊ लागली. मग महाडच्या २० मार्चची संध्याकाळ आम्ही वर्गात वाचली. सभामंडपात घुसून जेवणाऱ्या माणसांना मारहाण झाली होती. प्रतिनिधींत सैन्यातून निवृत्त झालेले धट्टेकट्टे लोक होते. एका शब्दाची खोटी होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले, आणि पुढे हल्लेखोरांपैकी काहींना न्यायालयात शिक्षा झाली. बाबासाहेब त्या रात्री दुबळे होते का, एवढेच मी त्याला विचारले.

तो लगेच पटला नाही. “सर, निकाल लागायला दहा वर्षे लागली. तोवर माणसांनी काय करायचे?” असे त्याने विचारले. मी म्हणालो, “त्या दहा वर्षांत बाबासाहेबांनी काय काय केले, त्याची यादी कर.” आणखी एक प्रसंग. तो एके पहाटे कोठीघरात दूध मोजून घ्यायच्या पाळीवर होता. आबांचा विषय निघाला, तेव्हा तो फटकन म्हणाला, “ते आपल्या पंगतीला बसतात ते दूध खपवायचे असते म्हणून.” मी त्याला म्हणालो, “आरंभ तसाच झाला. हेतू शुद्ध होण्याची वाट पाहत बसलो असतो, तर अजून दूध सांडत राहिले असते.” त्यावर तो हसला. कित्येक आठवड्यांनी तो हसत होता. आज तो विदर्भातील एका तालुका न्यायालयात वकिली करतो आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील खटल्यांत पीडितांच्या बाजूने उभा राहतो. त्याचा राग गेलेला नाही, आणि जावा असे मला वाटतही नाही. त्या रागाला आता दिशा आहे आणि मर्यादा आहे.

तिसरा अनुभव आपल्याच घरातला. एका वर्षी फासेपारधी समाजातील पहिला विद्यार्थी वसतिगृहात दाखल झाला. त्याच रात्री काही मुलांनी आपल्या पेट्यांना दुहेरी कुलपे लावली. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना गावाने शिवून घेतले नाही, त्यांची मुले दुसऱ्या एका मुलाकडे जन्मजात चोर म्हणून पाहत होती. गृहपालांनी प्रवचन दिले नाही. त्यांनी त्या महिन्याच्या कोठीघराच्या किल्ल्या त्या मुलाच्या हाती दिल्या आणि हिशेबवही लिहायला त्याच्याच वर्गातील दोन मुले जोडीला दिली. महिनाअखेर हिशेब पैशाला पैसा जुळला. दिवाळीच्या सुट्टीत ती दोन मुले त्याच्या पालावर दोन दिवस राहून आली.

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली पूर्वग्रहांवर एक ग्रंथ लिहिला. दोन समूह नुसते जवळ आले म्हणून पूर्वग्रह जात नाहीत, असे त्याने दाखवले. दोघांचा दर्जा समान असावा, दोघांपुढे एक समान उद्दिष्ट असावे, ते गाठण्यासाठी सहकार्य करावे लागावे, आणि ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांचे या साऱ्याला पाठबळ असावे, अशा चार अटी त्याने सांगितल्या. आमच्या गृहपालांनी ऑलपोर्टचे नावही ऐकले नसेल; पण किल्ल्या देताना त्यांनी या चारही अटी पाळल्या होत्या. गावात शतकानुशतके सारे जवळजवळच राहत आले, तरी मने जवळ आली नाहीत, याचे कारणही यात आहे. त्या जवळीकीत समान दर्जा नव्हता. निवासी विद्यालयाचे सामर्थ्य नेमके येथे आहे. येथे एकच घंटा होते, एकच पंगत बसते, झाडूची पाळी सर्वांना येते. पुस्तकातील समता येथे दररोज हातांनी करावी लागते.

तरीही एक धोक्याची सूचना लिहून ठेवतो. संवादाचे महत्त्व सांगताना आपण नकळत सारा भार पीडितावर टाकतो. डॅरिल डेव्हिस हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय संगीतकार अनेक वर्षे क्लॅनच्या सदस्यांना भेटत राहिले, त्यांच्याशी बोलत राहिले, आणि संघटना सोडणाऱ्या काहींनी आपले झगे त्यांच्या स्वाधीन केले. हे धैर्य थोर आहे. पण ते त्यांनी स्वतः निवडलेले आहे. ज्या मुलीला वर्गात टोमणे ऐकावे लागतात, तिने टोमणे मारणाऱ्याला समजावून सांगितलेच पाहिजे, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. तिला प्रथम संरक्षण मिळाले पाहिजे. समजावण्याचे काम तिच्या शिक्षकांचे, आणि टोमणे मारणाऱ्याच्या आप्तेष्टांचे आहे. जर्मनीत नवनाझी गटांतून बाहेर पडू पाहणाऱ्यांना साहाय्य करणारी ‘एक्झिट’ ही संस्था २००० साली सुरू झाली, ती एका माजी पोलीस अधिकाऱ्याने आणि एका माजी नवनाझी पुढाऱ्याने मिळून. हा विभाग मला योग्य वाटतो. राज्याने कायदा राखावा, आणि जो त्या अंधारातून आला आहे त्याने परतीची वाट दाखवावी.

परतीची वाट असणे हेही महत्त्वाचे. अंगुलिमाल भिक्खू झाल्यावर राजा प्रसेनजित त्याला पकडायला निघाला होता. तथागतांनी त्यालाच विचारले, की अंगुलिमाल शीलवान भिक्खू झालेला दिसला तर काय करशील? वंदन करीन, असे राजा म्हणाला, आणि तो समोरच बसला आहे हे कळताच थरथरला. संघाने त्याला जागा दिली, म्हणून बदल टिकला. पण गावात भिक्षेला गेल्यावर लोकांनी त्याला दगड मारले, त्याचे पात्र फुटले, तो रक्ताने माखून परतला. आणि तथागतांनी त्याला ते सोसायला सांगितले. मारलेल्या माणसांच्या नातलगांनी त्याला क्षमा करावी, असा उपदेश करण्यासाठी तथागत गावात गेले नाहीत. क्षमा कोणावर लादता येत नाही, आणि बदललेल्या माणसालाही आपल्या कृत्यांची फळे भोगावी लागतात, या दोन्ही गोष्टी त्या एका प्रसंगात आहेत.

तेव्हा माजी विद्यार्थ्यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. पदवीने कडवे मत पालटत नाही. जे शिक्षण शंका विचारायला शिकवते, पुरावा तपासायला लावते आणि वेगळ्या माणसाच्या शेजारी समान दर्जाने बसवते, त्याने ते पालटू शकते. ते सर्वांचे पालटत नाही, लवकर पालटत नाही, आणि तोवर न्याय थांबवून ठेवता येत नाही. तुमच्या कार्यालयातील सहकाऱ्यांना पदव्या मिळाल्या. असे शिक्षण बहुधा मिळाले नाही. ते देण्याची सक्ती तुमच्यावर नाही. पण ज्याच्या डोळ्यांत क्षणभर शंका दिसेल, त्याला आपल्या डब्यातील भाकरी पुढे करायला हरकत नाही.

पुढील पन्नास वर्षांसाठी विद्यालयाकडे माझी एकच मागणी आहे. येत्या काळात गावागावांत शाळा होतील, मुलांना वसतिगृहाची गरज पूर्वीइतकी उरणार नाही, अशी चर्चा ऐकू येते. ती गरज केवळ छपराची आणि जेवणाची असती, तर तसे म्हणता आले असते. सर्व जातींची, सर्व धर्मांची, भटक्यांची आणि स्थिरावलेल्यांची मुले एका पंगतीत वाढतील, अशा जागा आपल्या देशात फार थोड्या आहेत. आपल्या वसतिगृहाच्या काही खाटा इतर समाजांतील मुलांसाठी आवर्जून राखाव्यात, आणि कोठीघराच्या किल्ल्या पाळीपाळीने सर्वांच्या हाती जाव्यात.